आतली कडी

(दृश्य: कोथरूड. संध्याकाळचा जिना, भाजीची पिशवी घेऊन चढणारे आजोबा.)

जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आजी ७९ वर्षांच्या, आजोबा ८४. मुलगा कॅलिफोर्नियात, मुलगी बंगळुरूला. "दोघं आहेत ना, एकमेकांना बघतात," असं नातेवाईक म्हणायचे. मुलांनाही तेच पटलं होतं.

(दृश्य: पलंगाशेजारचं टेबल, त्यावर छोटी डबी.)

ही डबी नीट बघा. रात्री दहाला आजोबा कानातली यंत्रं काढून हिच्यात ठेवतात. मार्चमध्ये एका रात्री अडीचच्या सुमारास आजी न्हाणीघरात घसरल्या. हाका मारत राहिल्या. आजोबा आठ पावलांवर झोपले होते. त्यांना जाग आली पाचला. खुब्याचं हाड, शस्त्रक्रिया, मग वॉकर.

(दृश्य: फडताळावर चार्जिंगला लावलेला कळांचा फोन.)

हा आजींचा फोन. २०१७पासून आपल्याकडे विकायच्या साध्या फोनवर ५ किंवा ९ची कळ दाबून धरली की ११२ या आणीबाणीच्या नंबरला कॉल जावा, असा सरकारी नियम आहे. फार थोड्या घरांना हे ठाऊक आहे, प्रत्येकानं आपल्या आईवडिलांना दाखवावं. पण रात्री न्हाणीघरात फोन कोण घेऊन जातं?

(दृश्य: टीव्हीशेजारी पांढरा डबा, सिमकार्ड घालणारा हात.)

म्हणून हा डबा. आत सिमकार्ड आणि बॅटरी, वीज गेली तरी काही तास चालतो. याच्याशी जोडलेलं बटन अंगावर घालायचं, ते दाबलं की डबा ठरलेल्या नंबरांना फोन लावतो. संचासोबत एकच बटन आलं. पडल्या होत्या आजी, म्हणून ते आजींना. मुलीनं लगेच दुसरं मागवलं आणि आम्हाला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात तिचा हा निर्णय सगळ्यात मोलाचा. पुढच्या वेळी कोण पडेल हे कुणी सांगावं? आणि जो उभा आहे, त्याला चष्मा न लावता, यंत्र न घालता फोन लावता येईलच असं नाही.

(दृश्य: मंगळसूत्राशेजारी लाल बटन. आजोबांच्या मनगटावर दुसरं.)

आजी आधी आंघोळीला जाताना बटन खुंटीला अडकवायच्या, घड्याळ काढावं तसं. ते पाण्यात चालतं, हे त्यांना पटायला आठवडा लागला.

(दृश्य: न्हाणीघर. मुलगी फरशीवर आडवी झालेली.)

इथे मदतीसाठी ओढायची दोरीही बसवली. बसवणाऱ्यानं ती बसल्यावर हाताला लागेल इतकीच सोडली होती. मुलगी सरळ फरशीवर आडवी झाली आणि हात वर केला. पोचला नाही. मग दोरी जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत खाली आली.

(दृश्य: वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत तीन नंबर.)

बटन दाबलं की पहिला फोन खालच्या मजल्यावरच्या काकांना. मग मुलीला, शेवटी मुलाला. अमेरिकेतून १०८ किंवा ११२ फिरवलं तर पुण्याला लागत नाही, मुलगा शेजाऱ्यांनाच उठवू शकतो. मात्र इथे मध्यरात्र असते तेव्हा तिथे दिवस असतो, तो जागा असतो. १४५६७ हा ज्येष्ठांचा नंबरही वहीत आहे, पण तो दिवसाच्या विचारपूस-सल्ल्यासाठी. रात्री रुग्णवाहिकेला १०८च.

(दृश्य: सुतार दारावरची पितळी कडी काढतो आहे.)

काकांकडे किल्ली होती, पण आतून कडी घातली की किल्लीचा काय उपयोग? चाळीस वर्षं आजोबा झोपण्याआधी ही कडी लावत आले. काढायला दोन दिवस नाही म्हणाले. शेवटी स्वतःच स्टूल धरून उभे राहिले. आता बाहेरून किल्लीनं उघडणारं लॅच आहे, बाहेरच्या जाळीच्या दारालाही तसंच. कडीची भोकं सुतारानं पुट्टीनं बुजवली. न्हाणीघराच्या दाराचीही कडी निघाली.

(दृश्य: देवघर, दूर्वा, समई.)

महिन्यातून एकदा बटन दाबून बघायचं, दिवस ठरलाय संकष्टीचा, म्हणजे विसरायला नको. आजी दिवा लावतात, गळ्यातलं बटन दाबतात. खाली काकांचा फोन वाजतो. जिन्यात चपलांचा आवाज, लॅचमध्ये किल्ली फिरते.

"वहिनी, ठीक ना?"

"संकष्टी आहे हो. आता आलाच आहात, तर चंद्रोदयाला जेवायलाच थांबा."