कोणती इमारत, हा प्रश्न बाजूला ठेवून

मित्रहो, इमारत ही मुळातच वास्तुकाराची कलाकृती असते. मग तिच्या छायाचित्रात छायाचित्रकाराचे स्वतःचे असे काय उरते, या प्रश्नाचे उत्तर देण्याचे मी कबूल केले आहे. त्याआधी मनातला एक जुना सल बोलून दाखवतो, कारण माझे उत्तर त्यातूनच निघाले आहे.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात माझे एक कृष्णधवल छायाचित्र लागले होते. जिन्याची खालची बाजू, तिच्याशेजारी पांढुरकी होत गेलेली भिंत, आणि या दोहोंमध्ये अडकलेला एक काळाभोर त्रिकोण. पायरी नाही, कठडा नाही. त्या त्रिकोणाच्या कडेने उन्हाची एक बारीक रेघ फार थोडा वेळ उमटायची, आणि तिच्यासाठी मी चार दिवस तिथे जाऊन उभा राहिलो होतो. आयोजकांनी मला न विचारता चित्राखाली इमारतीचे आणि वास्तुकाराचे नाव चिकटवले. दुपारभर मी पाहत होतो. येणारा प्रत्येक जण आधी ते नाव वाचायचा आणि मग चित्रात इमारत शोधू लागायचा. एका गृहस्थांनी त्या इमारतीत नोकरी केली होती; हा पुढचा जिना की मागचा, यावर त्यांचा सोबत्याशी बराच वाद झाला, अखेर 'मागचाच' असे ठरले आणि दोघेही समाधानाने पुढे गेले. उन्हाची रेघ कोणीच पाहिली नाही. ती पट्टी काढा, अशी मी विनंती केली, तेव्हा प्रेक्षकांना माहिती हवी असते, असे उत्तर मिळाले.

माहितीशी माझे वैर नाही. वास्तूची नोंद करायची असेल, तर नाव हवे, प्रमाण हवे, आणि उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकू नयेत म्हणून टिल्ट-शिफ्ट भिंगही हवे. परंतु १९१६ मध्ये अमेरिकी छायाचित्रकार पॉल स्ट्रँड यांनी ओसरीवरच्या सावल्या आणि एक कलते टेबल टिपले, तेव्हा घर कोणाचे, हा प्रश्नच उरला नाही. उरले ते काळे-पांढरे पट्टे आणि त्यांना छेदणारी एक वक्र कड.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा मुख्य मुद्दा थोडक्यात मांडतो. माझ्या त्या त्रिकोणाच्या दोन बाजू जिन्याच्या होत्या आणि तिसरी बरीच मागे असलेल्या भिंतीवरच्या सावलीची होती. इमारतीत कितीही हिंडलात तरी तो त्रिकोण सापडणार नाही. तो एका जागेवरून, एका क्षणी, सपाट कागदावरच जुळतो. वास्तुकार चालत्या माणसासाठी अवकाश रचतो, तर छायाचित्रकार त्या अवकाशाची खोली मोडून त्याचे सपाट प्रतल करतो, आणि ही रचना त्याची स्वतःची असते.

छायाचित्रकार ल्युसियाँ एर्वे यांनी १९४९ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथील वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांच्या वसाहत-इमारतीची एका दिवसात ६५० छायाचित्रे काढली. ती पाहून खुद्द वास्तुकारानेच त्यांना आपले छायाचित्रकार म्हणून निवडले. हेच एर्वे आपल्या प्रती कात्रीने निर्दयपणे कापत. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांनी १९९७ पासून नामांकित इमारती मुद्दाम धूसर टिपल्या. तपशील विरघळले, आकार टिकला. तपशील विरघळवण्याची आणखी एक रीत आहे: भिंगावर दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश दहा वेळा निम्मा करणारी गडद काच, लावला की प्रकाश सुमारे हजार पटींनी घटतो, सेकंदाच्या साठाव्या भागात टिपले जाणारे चित्र सोळा-सतरा सेकंद घेते, आणि भिंतीमागचे ढग नुसते ओघळ होतात.

आता दिवे मंद करावेत. वीस चित्रे दाखवतो. नावे सांगणार नाही.