मेदपेशी घडते कशी : डिशमधले दहा दिवस

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, चपट्या पेशी]

या पेशींचं नाव ३टी३-एल१. मूळ उंदराच्या भ्रूणातलं. हॉवर्ड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात त्या वेगळ्या काढल्या. आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळा त्या पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मागवतात. आत्ता त्यांच्यात चरबीचा टिपूसही नाही. पण मेदपेशी होण्यासाठी लागणारी सगळी जनुकं आत आहेत, आणि ती कोणत्या क्रमानं कामाला लागतात ते या डिशमध्ये दिवसागणिक पाहता येतं.

पेशींनी डिशचा तळ पूर्ण झाकला की त्यांचं विभाजन थांबतं. मग आणखी दोन दिवस त्यांना तसंच ठेवायचं. त्यानंतर मीडियममध्ये, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यात, तीन द्रव्यं एकदम द्यायची: आयबीएमएक्स हे रसायन ०.५ मिलिमोलर, डेक्सामेथॅसोन हे स्टेरॉइड १ मायक्रोमोलर, आणि इन्सुलिन. इन्सुलिनचं प्रमाण प्रयोगशाळेगणिक बदलतं, बरेच जण मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम घेतात. हा दिवस शून्य.

आयबीएमएक्समुळे पेशीत निरोप पोचवणारा सायक्लिक एएमपी हा रेणू वाढतो आणि सीईबीपी-बीटाचं जनुक जागं होतं. सीईबीपी ही डीएनएला धरून इतर जनुकं चालू करणारी प्रथिनं. डेक्सामेथॅसोन सीईबीपी-डेल्टाचं जनुक जागं करतं. बीटा प्रथिन काही तासांत तयार होतं खरं, पण लगेच डीएनएला धरत नाही. आधी त्याला फॉस्फेट जोडले जावे लागतात, आणि त्यात बारा तासांहून जास्त वेळ जातो. त्याच सुमारास थांबलेल्या पेशी पुन्हा विभागू लागतात, साधारण दोन फेऱ्या.

दुसऱ्या दिवशी मीडियम बदलून फक्त इन्सुलिन ठेवायचं, चौथ्या दिवशी तेही काढायचं.

[दृश्य: पेशी गोलसर होताना]

एव्हाना सूत्रं पीपीएआर-गॅमा या जनुकं चालू करणाऱ्या आणखी एका प्रथिनाकडे गेलेली असतात. बीटा आणि डेल्टा हे त्याच्या जनुकाला आणि सीईबीपी-अल्फाच्या जनुकाला चालू करतात. पुढे पीपीएआर-गॅमा आणि अल्फा ही दोघं एकमेकांना चालूच ठेवतात. म्हणून बाहेरची द्रव्यं काढून घेतली तरी पेशी मागे फिरत नाही. मग ग्लुकोज आत घेणारं ग्लुट-४, चरबीच्या थेंबाभोवतीचं पेरिलिपिन, रक्तात सोडलं जाणारं अ‍ॅडिपोनेक्टिन अशा कितीतरी प्रथिनांची जनुकं सुरू होतात.

या दोघांत थोरलं कोण, याचं उत्तर प्रयोगानं दिलं आहे. पीपीएआर-गॅमा नसलेल्या पेशींत अल्फा कितीही घातलं तरी मेदपेशी बनत नाही. उलट, अल्फा नसलेल्या पेशींत पीपीएआर-गॅमा घातलं तर चरबी साठते. फक्त त्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत.

आठव्या ते दहाव्या दिवशी रंग द्यायचा. पेशी फॉर्मालिनमध्ये स्थिर करायच्या, ६० टक्के आयसोप्रोपॅनॉलनं धुवायच्या, वर ऑइल रेड ओ हा चरबीला लाल करणारा रंग. रंग ऐन वेळी गाळून घेतलाच पाहिजे. नाहीतर त्याचे लाल कण खाली बसतात आणि चरबीच्या थेंबांसारखे दिसतात. मीडियम बदलताना पिपेटची धार डिशच्या कडेवर सोडावी, कारण चरबीनं भरलेल्या पेशी तळ सोडून तरंगायला लागतात. आणि थेंब आलेच नाहीत तर? बहुतेकदा दोष आधीचा असतो. पेशी जोपासताना फ्लास्कमध्ये फार दाटी झाली, किंवा त्यांच्या फार पिढ्या उलटल्या, की घडण्याची ताकद कमी होते. वाढवण्याच्या त्या टप्प्यात त्यांना फ्लास्कचा ७० टक्क्यांहून जास्त तळ झाकू देऊ नये.

[दृश्य: मानवी गुणसूत्रांचं रेखाचित्र]

माणसात चरबीशी निगडित अशी जनुकं बिघडली की काय होतं? पीपीएआर-गॅमाच्या एका प्रतीत विशिष्ट बिघाड असला तर हातापायांवरची आणि नितंबांवरची चरबी नाहीशी होते. मेदपेशीत चरबी साठवायला लागणाऱ्या एजीपीएटी-२ किंवा सेपिन या प्रथिनांच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील, तर बाळ जवळजवळ चरबीविनाच जन्मतं. ऐकायला बरं वाटेल, पण हा गंभीर आजार आहे. साठायला जागा नसल्यामुळे चरबी यकृतात आणि स्नायूंत शिरते, रक्तातली ट्रायग्लिसराइड चढतात, इन्सुलिन लागू पडेनासं होतं आणि मधुमेह जडतो. मेदपेशीच नाहीत म्हणून त्यांच्यातून येणारं, भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरकही नाही, त्यामुळे भूक शमत नाही. अशा रुग्णांना लेप्टिनसारखं औषध, मेट्रेलेप्टिन, टोचून द्यावं लागतं. चरबीला सरसकट शत्रू म्हणणाऱ्यांनी हे रुग्ण आठवावेत.

सर्वसामान्य लठ्ठपणात मात्र एकट्या जनुकाचा हात क्वचितच असतो. लठ्ठपणाशी जोडलेली डीएनएवरची सर्वांत परिचित जागा एफटीओ या जनुकात आहे. तिथला धोक्याचा प्रकार दोन्ही प्रतींत असलेल्या युरोपीय वंशाच्या प्रौढांचं वजन, तो अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोंनी जास्त आढळलं. हे २००७ मधलं संशोधन. कारण २०१५ मध्ये उलगडलं. तिथं डीएनएच्या चार अक्षरांपैकी टी या अक्षराच्या जागी सी आलं की एआरआयडी-५बी या आवर घालणाऱ्या प्रथिनाची पकड सुटते. मग दूरवरची आयआरएक्स-३ आणि आयआरएक्स-५ ही जनुकं जोरात चालतात, आणि घडत असलेली मेदपेशी उष्णता निर्माण करण्याऐवजी साठवणीकडे वळते. त्याच अभ्यासात एका रुग्णाच्या पेशींत क्रिस्पर या डीएनए बदलण्याच्या तंत्रानं ते एक अक्षर पुन्हा टी केलं, तेव्हा दोन्ही जनुकं दबली आणि पेशी परत उष्णता निर्माण करू लागल्या. हे घडलं ते डिशमधल्या पेशींत. माणसावरच्या उपचाराची ती कृती नव्हे.