पंप बदलण्याआधी

डिझेल इंजिनावरची ही पोलादी नळी म्हणजे कॉमन रेल. पंपाने दाबलेलं डिझेल इथे साठतं आणि इथून इंजेक्टरना, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलना, जातं. गाडी जागेवर उभी आहे, इंजिन आयडलला आहे, तरी आत साधारण 300 बार दाब आहे. कारच्या टायरमध्ये असतो सव्वादोन बार. चढावर भरलेली गाडी खेचताना अनेक इंजिनांत हाच आकडा 1600 वर जातो.

किती दाब हवा हे ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, ठरवतो. इंजिनचा वेग आणि लागणारं डिझेल यांवरून तो लक्ष्य काढतो, रेलवरचा सेन्सर खरा दाब कळवतो. शून्य बारला अर्धा व्होल्ट, कमाल मर्यादेला साडेचार.

1997 साली अल्फा रोमिओ 156 मधून ही पद्धत कारमध्ये आली. तेव्हा पंप भरपूर डिझेल दाबायचा आणि जास्तीचं रेग्युलेटर, म्हणजे दाब आवरणारा व्हॉल्व्ह, रिटर्नला (टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत) सोडायचा. ताकद फुकट, वर डिझेल तापायचं. आता बहुतेक पंपांच्या तोंडाशीच मीटरिंग युनिट असतं : लागेल तेवढंच डिझेल आत. पण ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला, तर रेलमध्ये आधीच कोंडलेल्या दाबाचं ते काही करू शकत नाही. म्हणून काही इंजिनांत रेलवर रेग्युलेटरही ठेवतात.

सेल्फ फिरतो, इंजिन लागत नाही, स्कॅनरवर पी 0087 हा बिघाडाचा कोड, म्हणजे रेलमधला दाब कमी. इथेच पंप बदलायची घाई होते. आधी फिल्टर पाहा. मग पंपाकडे येणाऱ्या लाइनमध्ये पारदर्शक नळी जोडून बुडबुडे शोधा. पंप स्वतः डिझेल ओढत असेल, तर सैल जोडातून थेंब गळत नाही, उलट हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडंच दिसतं.

त्यानंतर इंजेक्टरचे रिटर्न. चारही मापनळ्यांत सोडा आणि सेल्फ मारा. एक नळी झपाट्याने भरली, तर दाब तिथून निसटतोय. पिएझो इंजेक्टरवर (विजेने लांबी बदलणाऱ्या स्फटिकावर चालणाऱ्या) मात्र हे करू नका. त्यांतल्या अनेकांना रिटर्नमध्ये सुमारे 10 बार लागतात. ते गेले की चांगला इंजेक्टरही गप्प बसतो.

आरपीएम झुलत असेल, तर संशय मीटरिंग युनिटवर. डिझेलमधल्या पाण्याने ते गंजून अडकतं. आणि रात्रभर बंद असलेल्या इंजिनात नुसती चावी फिरवल्यावर 40 बार दिसले, तर सेन्सर खोटं बोलतोय.

जुन्या इंजिनासारखा चालू इंजिनावर पाइपचा नट सैल करून हवा काढायला जाऊ नका. डिझेलची ही धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तरी ताबडतोब रुग्णालय गाठा.