बोलण्याला वेगळा भाव कशाला?

श्रोतेहो, नमस्कार.

2014 चा डिसेंबर आठवतोय? एअरटेलने जाहीर केलं, की स्काइप, व्हायबर अशा इंटरनेटवरून बोलण्याच्या अ‍ॅपवरून केलेले कॉल प्रीपेड ग्राहकांच्या नेहमीच्या डेटा पॅकमध्ये धरले जाणार नाहीत. त्यांचे पैसे वेगळे, थ्रीजीवर दर 10 केबीला 4 पैसे. म्हणजे एका एमबीला चार रुपयांच्या वर, आणि तेही पॅकचे पैसे आधीच भरलेले असताना! लोक इतके संतापले, की काही दिवसांतच कंपनीने तो निर्णय मागे घेतला.

कंपन्यांचं म्हणणं मला अगदीच पटत नाही असं नाही. स्पेक्ट्रमचे लिलाव, टॉवर, परवाना शुल्क, हा खर्च खराच आहे. मग डेटाचा दर वाढवा आणि सगळ्यांना सारखा लावा. पण मी विकत घेतलेल्या डेटावर गाणं ऐकलं की बहिणीशी बोललो, याची चौकशी कंपनीने का करावी? शिवाय कॉल वेगळा काढायचा, तर ग्राहकाच्या डेटात काय चाललंय यावर नजर ठेवावी लागते. नेदरलँड्समध्ये केपीएन कंपनीने 2011 साली हेच केल्याचं उघड झालं आणि लोक खवळले. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने अशा अडवणुकीला बंदी घालणारा कायदा केला.

आपल्याकडे ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2015 च्या मार्चमध्ये याच विषयावर लोकांची मतं मागवणारं चर्चापत्र काढलं, तेव्हा 10 लाखांहून जास्त ई-मेल गेले. सामान्य माणसांनी पाठवलेले, हे मला फार मोठं वाटतं. 8 फेब्रुवारी 2016 ला नियम आला: इंटरनेटवर काय पाहता, काय वापरता यावरून वेगवेगळा दर लावता येणार नाही.

संयुक्त अरब अमिरातीत मात्र आजवरचा अनुभव वेगळा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, फोटो जातो, कॉल मात्र अडवला जातो. परवाना असलेली ठरावीक अ‍ॅपच चालतात. आपल्या रत्नागिरी-रायगडातली कितीतरी माणसं तिथे राबतात. घरच्यांचा आवाज ऐकायला त्यांना आडवाटा शोधाव्या लागतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि आपल्याकडेही विषय मिटलेला नाही. 2023 च्या जुलैत ट्रायने इंटरनेटवरून कॉल-मेसेज करणाऱ्या अ‍ॅपच्या नियमनावर पुन्हा चर्चापत्र काढलं. अशा प्रत्येक चर्चापत्रावर कुणालाही मत कळवता येतं. पुढचं निघेल तेव्हा तुम्हीही चार ओळी नक्की लिहा.