मुरडीची करंजी, पाचटाचा गोठा

(वडगाव शेरी. तीन मजली घर, जिन्यावर चपलांची गर्दी.)

नाताळाला अजून चार दिवस आहेत. या घरात चार भाऊ, त्यांच्या बायका-मुलं, दोन आत्या आणि सगळ्यांच्या वर आजी. सणाला माणसं चाळीसच्या घरात जातात. एरवी प्रत्येक मजल्याची चूल वेगळी. डिसेंबरात मात्र सगळं काम तळमजल्यावर उतरतं.

(करंज्या. जवळून हात.)

हे हात मधल्या काकूंचे. पारीत सारण भरलंय: भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, पिठीसाखर, वेलदोडा. कडेने दुधाचं बोट फिरलं, पारी दुमडली, आता मुरड. चिमटीत कड धरायची, आत वळवायची, दाबायची, पुढे सरकायचं. घरात कातणं आहे, पण आजी ते वापरू देत नाहीत. कातण्याने कड नुसती कापली जाते, नीट मिटत नाही आणि सारण तेलात उतरतं, असं त्या सांगतात. शेजारी बसलेली धाकटी सून यंदा पहिल्यांदा मुरड घालतेय. तिची करंजी जरा जाड होते, पण तळणीत एकही फुटलेली नाही.

घाणा संपत आला की शेवटच्या पारीचा मोदक होतो. एवढ्या करंज्या बहिणींना एक भाऊ हवा. दिवाळीला शेजारच्या घरांतही हेच करतात. आजींनी हे त्यांच्या सासूकडून घेतलं आणि सासूनेही ते कुणा परक्याकडून घेतलं नव्हतं. देव बदलला तेव्हा या माणसांनी चूल बदलली नाही. पुण्याने हे बघायला हवं, म्हणून आपण इथे आलोय.

(एमजी रोड, रात्रीची रोषणाई.)

पुण्याचा नाताळ म्हटलं की कॅमेरे कॅम्पाकडेच वळतात. ती रोषणाई, बेकऱ्यांपुढच्या रांगा, तेही पुण्याचंच आणि जुनं आहे. क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला जागा दिली सवाई माधवराव पेशव्यांनी, १७९२ साली, पेशव्यांच्या फौजेतल्या गोव्याच्या कॅथलिकांसाठी. हे कुटुंब मात्र आलं नगर रोडने.

(भिंतीवर आजोबांचा फोटो, खाली जपमाळ.)

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जर्मन जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचे, फादर नगर जिल्ह्यात खेडोपाडी फिरले. त्याच काळात, १८८६ साली, पुणे धर्मप्रांत झाला. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर या भागात ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांची मुलं मिशनच्या शाळेत बसली. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन फादरांना अटकेत टाकलं आणि मायदेशी धाडलं. माणसांनी प्रार्थना सोडली नाही. आजोबा हरेगावच्या साखर कारखान्यावर कामाला होते. मुलं शिकली, कामधंद्यासाठी पुण्याला आली, एकेक मजला चढवत हे घर झालं. मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला अजूनही सगळे सप्टेंबरात हरेगावला जातात.

(गोठ्याची तयारी. बांबू, गोणपाट, बादलीत कालवलेली लाल माती.)

हे पाचट तिकडचंच, चुलतभावाच्या उसाच्या शेतातलं. थोरले काका दरवर्षी एक भारा बसच्या टपावर टाकून आणायचे, आता पुतण्याच्या गाडीतून येतो. आधी बांबूचा सांगाडा. गोणपाट मातीत बुडवून त्यावर टाकायचं. वाळलं की कडक होतं, खडकासारखं दिसतं. मग वर पाचटाचं छप्पर. ख्रिस्तजन्माचा देखावा असिसीच्या संत फ्रान्सिसांनी इटलीतल्या ग्रेच्चो गावी उभा केला, १२२३ साली. त्यांनी खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं होतं.

इथले बैल बघा. हे पोळ्याचे आहेत! मातीचे, शिंगांना बेगड. मुलांनी पोळ्यानंतर जपून ठेवले आणि कुणाला न विचारता गोठ्यात आणून बांधले. मेंढपाळाचा मोडलेला हात एम-सीलने चिकटवलाय. डब्यांच्या झाकणांत पेरलेला गहू वीतभर झालाय, ते कुरण. बाळ येशूच्या भेटीला निघालेले तिघे राजे अजून टीव्हीच्या कपाटावर आहेत. रोज थोडे पुढे सरकतात, ६ जानेवारीला पोचतात. गव्हाण रिकामी आहे.

(बेकरीची भट्टी, लांब फळीवर ट्रे.)

नानकटाईचं तूप-मैदा घरचं, भट्टी बेकरीची. ट्रेमध्ये चिठ्ठी टाकायची, म्हणजे आपलीच नानकटाई आपल्याला मिळते.

(गाण्यांची तालीम. पेटी, ढोलकी, टाळ.)

आजींना लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आठवते. उत्तरं तोंडपाठ होती, अर्थ मात्र फादर प्रवचनात उलगडतील तेवढाच. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला वाट दिली आणि वेदीवरून मराठी ऐकू आली. ढोलकीही आली. ही चाल अभंगाची आहे, शब्द येशूजन्माचे. नातवंडं इंग्रजी शाळेतली, घरात इंग्रजी कॅरोलही होतात आणि छान होतात. पण ही गाणी त्यांना वहीत देवनागरीत उतरवून घ्यायला लावली आहेत. वही आत्या तपासतात. मला या घरातलं सगळ्यात मोलाचं काम हेच वाटतं.

(२४ डिसेंबर, रात्र. रिकामं घर.)

सगळे मिस्साला गेले. कॅमेरा चर्चच्या फाटकाबाहेर थांबला.

(परतल्यावर. आजी, सर्वांत धाकटी नात, हातात बाळ येशूची मूर्ती. इथे निवेदन नाही.)

(२५ डिसेंबर, सकाळ.)

ताटं निघाली. करंजी, चकली, शंकरपाळे, लाडू, नानकटाई, वर क्रोशाचा रुमाल. समोरच्या इमारतीत, दुकानदारांकडे, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे. दिवाळीत याच घरांतून ताटं आली होती.

मार्चमध्ये हे घर पाडून इथे इमारत होणार आहे. तोवर चौघे भाऊ चार भागांत भाड्याने राहतील, आजी थोरल्यांकडे.

(गच्ची. मांडव, पंगत.)

एक सून मूळची गोव्याची. तिने सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, तीन दिवस आधीच करून ठेवलं, कारण व्हिनेगर मुरल्याशिवाय त्याला चव येत नाही. मटणाचा रस्सा थोरल्या काकूंचा, मसाला घरी कुटलेला. पहिल्या पंगतीला मुलं आणि पाहुणे, दुसरीला पुरुष, असं पूर्वी होतं. आता दुसऱ्या पंगतीला रांधणाऱ्या बायका बसतात आणि वाढायला मुलगे उभे राहतात. हा बदल आजींनीच केला.

सोरपोतेल पहिल्या पंगतीतच संपलं. वाढणारे जेवायला बसले तेव्हा साडेतीन वाजले होते. त्यांच्या वाट्याला रस्सा, भाकरी, कांदा आणि हव्या तेवढ्या करंज्या आल्या.