तीस शब्दांवर अडकलेली बोटं

नमस्कार श्रोतेहो.

दादर, लालबाग, भांडुप, कुठल्याही टायपिंग क्लासमध्ये संध्याकाळी सातनंतर डोकावलात, तर दिवसभर दुकानात उभी राहिलेली, चार घरची कामं उरकून आलेली माणसं कीबोर्डसमोर बसलेली दिसतील. सरकारी परीक्षेत आधी मिनिटाला ३० शब्द, मग ४०. या दोन पायऱ्यांच्या मध्ये कितीतरी जण अडकतात. आठवडे जातात, वेग हलत नाही. एखाद्या दिवशी तर कालच्यापेक्षाही कमी भरतो. मग मन म्हणतं, "राहू दे, आता आपल्याच्यानं होणार नाही." आज मला या माणसांशीच बोलायचंय.

१८९७ साली अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर या दोघा अभ्यासकांनी तारयंत्र, म्हणजे टिकटिक आवाजाच्या खुणांनी दूरवर निरोप पाठवण्याचं यंत्र, शिकणाऱ्यांचा वेग दर आठवड्याला मोजून प्रसिद्ध केला. तार ऐकून उतरवण्याचा वेग आधी वाढला, मग बरेच आठवडे जागच्या जागी राहिला, आणि पुन्हा चढला. त्यांनी त्याचा लावलेला अर्थ मला फार मोलाचा वाटतो. आधी एकेक अक्षर कानाला कळतं, पुढे अख्खा शब्द. पण शब्द कळायला अक्षरं इतकी अंगवळणी पडावी लागतात की त्यांच्याकडे लक्षच द्यावं लागू नये. आकडा थांबलेला असताना हेच काम आत चालू असतं. असा थांबा प्रत्येकालाच लागतो असं नाही, नंतरच्या अभ्यासांनी ते दाखवलं. पण तुम्हाला लागला असेल, तर तुमची मेहनत वाया चालली आहे असं कृपा करून समजू नका.

आणि खाडे? जुलैत रुळांवर पाणी येतं, गाडी कुर्ल्यालाच थांबते. घरात मूल तापानं फणफणतं. क्लास बुडतो, आणि आपण स्वतःला बोल लावत बसतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या साध्या सवयींचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. सवय रुळायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा त्यांचा हिशेब निघाला. केवढी तफावत! शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीशी तुलना कशाला करायची मग? एखादा दिवस चुकल्यानं सवय मोडत नाही, हेही त्यांना दिसलं. एखादा, बरं का. महिनाभराच्या दांडीला हा दिलासा नाही.

रात्रशाळेतून दहावीला बसलेला मुलगा गणितात राहिला, तर बोर्ड त्याला पुन्हा गणिताचाच पेपर द्यायला सांगतं. मराठी, इतिहास पुन्हा द्यायला लावत नाही. आपण मात्र एका विषयासाठी स्वतःला सगळ्यात नापास करून टाकतो.

तेव्हा टायपिंगला बसणाऱ्या ताईंनो, दादांनो, उद्या क्लासला जा. घड्याळ बाजूला ठेवून एक उतारा टाइप करा, आणि कुठल्या बोटाला कुठलं अक्षर अडतंय ते सरांना शेजारी बसून बघायला सांगा. मराठीत बहुधा ती जोडाक्षरं असतात.

नमस्कार.