जुन्या डिझेलला पात्यांचा टर्बो: बूस्ट आवरायचा कसा

नमस्कार मंडळी. समोर निम्मे लोक गॅरेजवाले दिसतायत आणि निम्मे जुन्या जीप, ट्रॅक्स, बोलेरो जिवापाड सांभाळणारे. तेव्हा टर्बो म्हणजे काय, इथून सुरुवात करत नाही; एक्झॉस्टच्या, म्हणजे जळक्या वायूच्या, जोरावर चाक फिरवून इंजिनात हवा कोंबणारं यंत्र, एवढं पुरे. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत सफारी डायकोर २.२ किंवा स्कॉर्पिओ एमहॉकचे व्हीजीटी, म्हणजे वळत्या पात्यांचे, टर्बो आता मिळतात. साधारण त्याच मापाचं, म्हणजे २.४-२.५ लिटरचं जुनं इंजिन घरात असेल तर माणसाला मोह होतोच. फ्लँज (जोडाची चकती) बनवता येतो, तेलाची लाइन काढता येते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, कारण मूळ गाडीत त्या टर्बोला सांभाळणारा ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, होता आणि आपल्या गाडीत फक्त एक यांत्रिक डिझेल पंप आहे.

साध्या टर्बोला वेस्टगेट असतं. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, ठरलेल्या मर्यादेवर पोचला की झडप उघडते आणि जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. व्हीजीटीला तशी पळवाट नाही. टर्बाइनच्या चाकाभोवती छोटी पाती गोलाकार बसवलेली असतात, ती सगळी एका कड्यात अडकलेली. कडं फिरलं की पाती एकदम वळतात. पाती मिटली की वाट अरुंद होते, पाण्याच्या पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवावा तसा वायूचा वेग वाढतो, आणि इंजिन १५०० आरपीएमवर असतानाच बूस्ट येतो. वर गेल्यावर पाती उघडायची. उघडली नाहीत तर? इंजिन जास्त वायू सोडतंय, वाट तितकीच अरुंद, चाक आणखी जोरात फिरतं, ते आणखी हवा कोंबतं, त्यातून आणखी वायू. या मापाचा टर्बो मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे मारतो. तिथून पुढे जायला त्याला फार वेळ लागत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. जवळपास प्रत्येक जण डॅशबोर्डवर एकच गेज लावतो, बूस्टचं. काटा चौरस इंचाला १५ पाउंडावर गेला की चेहरा खुलतो. पण त्याच क्षणी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बाइनच्या अलीकडे किती दाब आहे, हे त्याला माहीत नसतं. तिथे ३५ पाउंड असू शकतात. म्हणजे पिस्टन वर येताना ३५ पाउंडाविरुद्ध जळका वायू ढकलतोय आणि खाली जाताना १५ पाउंडांची हवा घेतोय. मिळवलेली ताकद बाहेर ढकलण्यातच जाते, सिलिंडरमध्ये जळका वायू मागे राहतो, तापमान चढतं. व्हीजीटीवर बूस्ट आवरणं म्हणजे प्रत्यक्षात हा मागचा दाब आवरणं आहे. बूस्ट हा त्याचा परिणाम.

म्हणून दोन गेज लावा. मॅनिफोल्डला टर्बाइनच्या आधी एक छोटं भोक पाडून आटे पाडायचे, त्यात ब्रेक लाइनची पोलादी नळी बसवायची, तिचे दोन-तीन वेढे घ्यायचे म्हणजे वायू थंड होतो, आणि मग पुढे रबरी होज लावून गेज. रबर थेट मॅनिफोल्डपाशी नेलं तर ते वितळणारच. पूर्ण लोडवर मागचा दाब बूस्टएवढा किंवा फार तर दीडपट असावा. दुप्पट दिसला तर पाती जास्त मिटलेली आहेत, बूस्ट कितीही छान दिसत असो. माझ्या मते हे दुसरं गेज पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे. दोन्हीपैकी एकच परवडत असेल तर हेच घ्या.

पाती हलवायची कशी, याचे आपल्याकडे दोन प्रकार चालतात. पहिला असा की साध्या टर्बोचा वेस्टगेटचा डबा काढून पात्यांच्या आर्मला जोडायचा. स्प्रिंग पाती मिटवून ठेवते आणि बूस्ट वाढला की तो डब्यातल्या डायफ्रामवर, म्हणजे लवचीक पडद्यावर, दाबून पाती उघडतो. खर्च नाही, वायर नाही, आणि जोर लावला की गाडी ओढतेही झकास. पण ईस्टर्न फ्रीवेवर एका वेगाने जाताना काय होतं पाहा. इंजिनला तेव्हा फारशी ताकद नको असते. बूस्ट कधी १५ पाउंडांपर्यंत जातच नाही, त्यामुळे पाती पूर्ण मिटलेलीच राहतात आणि मागचा दाब विनाकारण चढलेला. ॲव्हरेज पडतं, आणि माणूस पंपाला दोष देतो. त्याहून वाईट म्हणजे होज निसटला तर पाती मिटलेली राहतात, उघडायला काही उरतच नाही, आणि टर्बो अनावर होतो.

दुसरा प्रकार व्हॅक्यूमचा. यात स्प्रिंग पाती उघडी ठेवते आणि व्हॅक्यूम दिला तर ती मिटतात. होज फाटला, वायर तुटली, फ्यूज उडाला, तर काय होईल? पाती उघडी राहतील, गाडीचा दम जाईल, पण इंजिन वाचेल. चूक नेहमी या बाजूला झाली पाहिजे. मी या एका कारणासाठी व्हॅक्यूमच्या बाजूचा आहे.

व्हॅक्यूम आणायची सोय जुन्या डिझेलमध्ये असतेच, अल्टरनेटरच्या मागे पंप असतो. पण तो ब्रेक बूस्टरसाठी आहे, हे विसरू नका. फाटा काढताना ब्रेकच्या बाजूला स्वतंत्र नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, म्हणजे टर्बोचा होज फाटला तरी ब्रेकचा साठा सुरक्षित राहील. यात तडजोड करणारी गाडी मी रस्त्यावर जाऊ देणार नाही.

टर्बो बसवण्याआधी टेबलावरच एक तपासणी करा. हातपंपाने ॲक्च्युएटरला, म्हणजे पाती हलवणाऱ्या डब्याला, हळूहळू व्हॅक्यूम द्या आणि आर्मकडे पाहत राहा. तो सलग सरकला पाहिजे. मध्येच अडला आणि मग झटक्याने पुढे गेला, तर आत कड्यावर काजळी बसलीय. मुंबईतल्या रडतखडत ट्रॅफिकमध्ये चाललेल्या गाडीचा टर्बो असेल तर हे हमखास दिसतं, एक्झॉस्ट कधी नीट तापलेलाच नसतो. मग व्हॅक्यूम धरून ठेवा. काटा उतरला तर डायफ्राम गेलेला. आणि आर्म जिथे टेकतो तो स्टॉप स्क्रू, त्याला पाना लावू नका. पाती जास्तीत जास्त किती मिटावीत, ते तो ठरवतो.

पुढचा प्रश्न, व्हॅक्यूम किती द्यायचा हे ठरवणार कोण? त्यासाठी सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर चालणारी झडप, आणि एक छोटा कंट्रोलर लागतो. लॅमिंग्टन रोडवर सगळं मिळतं. पण कंट्रोलरला खबर कुठून द्यायची, इथे गंमत आहे. जुन्या इंजिनला वेग सांगणारा क्रँक सेन्सर नसतो. आरपीएम अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून घ्या, तिथल्या विजेची फ्रीक्वेन्सी इंजिनच्या वेगाबरोबर वाढते. बूस्टसाठी मॅप सेन्सर, म्हणजे इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा. ॲक्सिलरेटरसाठी पंपाच्या लिव्हरवर पोटेन्शिओमीटर, तो लिव्हर किती फिरली ते सांगतो.

या शेवटच्या सिग्नलपाशी बरेच हुशार लोक अडकतात. पंपाला ट्रॅक्टरसारखा सर्व वेगांचा गव्हर्नर (इंजिनचा वेग राखणारा भाग) असेल, तर लिव्हर डिझेल किती जावं हे सांगत नाही, वेग किती हवा हे सांगते. लिव्हर अर्धी दाबलेली असताना उतारावर डिझेल जवळपास शून्य असेल आणि चढावर पूर्ण. त्यामुळे लिव्हरला लोड समजून पाती मिटवलीत तर सगळं उलटंपालटं होईल. मागितलेला वेग आणि प्रत्यक्ष वेग यांतलं अंतर पाहा, लोड तिथे कळतो. कंट्रोलरमध्ये या दोन आकड्यांवरून पात्यांची जागा आधीच ठरवून ठेवायची आणि बूस्टच्या सेन्सरने फक्त थोडीशी दुरुस्ती करायची. सगळा भार दुरुस्तीवर टाकला की पाती मागेपुढे झुलत राहतात आणि टर्बोची शिटी वरखाली होत राहते. आणि कंट्रोलरपासून वेगळा, एक साधा प्रेशर स्विच लावा. बूस्ट मर्यादेबाहेर गेला की त्याने सोलेनॉइडची वीजच तोडायची.

डिझेलबद्दल थोडं. हवा वाढवून ताकद येत नाही, डिझेल वाढवल्यावर येते. पण पंपाचा स्क्रू सरळ उघडून ठेवलात तर बूस्ट येण्याआधीच काळा धूर निघेल, आणि पीयूसीत न्यूट्रलमध्ये रेस करतात तेव्हा बूस्ट फारसा नसतोच. बीएस-४ आधीच्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिजची (धुराचा काळेपणा मोजायचं एकक) मर्यादा आहे, ती तिथेच ओलांडाल. बूस्टनुसार डिझेल वाढवणारा ॲनेरॉइड पंपावर हवाच. आणि इंजिनची कुवत ओळखा. मर्सिडीजने १९७८ मध्ये ३०० एसडी या गाडीसाठी पाच सिलिंडरच्या डिझेल इंजिनला टर्बो दिला, तेव्हा पिस्टन थंड ठेवायला खालून तेलाचे फवारे दिले, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये सोडियम भरलं. त्याच घराण्यातलं ओएम ६१६ इंजिन आपल्याकडे ट्रॅक्समध्ये आलं, ते टर्बोविना. ज्या इंजिनला ही तयारी नाही त्याला मी १० पाउंडांवर जाऊ देत नाही, आणि मॅनिफोल्डमधलं तापमान ७०० अंशांवर टिकून राहिलं तर डिझेल कमी करतो. सपाटीवरच्या चाचणीत हे समजत नाही. कसाऱ्याचा घाट लोड घेऊन चढा, मग समजेल. त्याआधी आरटीओत मात्र जाऊन या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाही.

मागून प्रश्न आलाय, घाट उतरताना पाती पूर्ण मिटवून एक्झॉस्ट ब्रेकसारखी वापरता येतील का? मोठ्या ट्रकांमध्ये वापरतात, बरोबर आहे तुमचं. पण त्यांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तो दाब धरूनच निवडलेल्या असतात. तुमच्या जुन्या इंजिनात मागचा दाब फार चढला तर तो बंद व्हॉल्व्हला सीटवरून उचलतो, आणि उचललेला व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत येतो. स्प्रिंगा किती दाब सोसतात हे मोजलेलं नसेल, तर उतारावर पाती उघडी ठेवा आणि खालचा गिअर घ्या.